चालू गाडीत बघायचं

ओइवा म्हणतो, बंद करू नकोस.
इंजिनाचं तेल बंद गाडीत बघतात,
गिअरचं मात्र चालू गाडीत.
आधी फिरवून आण, अंग तापू दे तिचं,
धान्याच्या कोठारांपर्यंत जा, परत ये,
सपाट जागी उभी कर.

आमच्या थंडर बेमध्ये सपाट जागा
म्हणजे फिनिश चर्चच्या मागचं अंगण,
तेही नोव्हेंबरात, बर्फ साचायच्या आत.

मी ब्रेक दाबून धरते
आणि त्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर दांडा सरकवते,
प्रत्येक गिअरपाशी जरासं थांबून,
हजेरी घेणाऱ्या बाई
एकेका नावाला मान वर करून बघतात तसं.
गाडी दर वेळी पोटातून हुंकार देते.
रिव्हर्सला थोडी उशिरा.
'ऐकलंस?' ओइवा विचारतो.
त्याचा डावा कान कागदाच्या गिरणीत गेला,
त्यानं हे ऐकलं बॉनेटवर ठेवलेल्या तळव्यानं.

ब्यूक, एक्क्याण्णवची. माझ्या भावाची.
सप्टेंबरात ताउनो गेला
आणि किल्ली माझ्याकडं आली हॉस्पिटलच्या पाकिटातून,
चष्मा, सुटे पैसे, आणि ही.

डिपस्टिक पटकन सापडत नाही.
इंजिनाच्या पाठीमागं, पत्र्याला चिकटून,
रोज बघणाऱ्यालाच हात न भाजता मिळेल अशी.
माझा भाजतो.
ओढ. पूस. धागे सुटतील असं फडकं नको
(तो जुन्या शर्टाची बाही पुढं करतो).
परत आत घाल, पार तळाशी टेकू दे, परत ओढ.
पहिल्यांदा ओढलीस की ती खोटं बोलते, म्हणतो,
नळीच्या कडेचं सगळं अंगाला फासून वर येते.
दुसऱ्यांदा काय म्हणते ते बघ.

दुसऱ्यांदा टोकाला फक्त ओल.
खालच्या खुणेच्याही खाली.
रंग रानबेरीच्या मुरंब्याचा हवा,
आहे कपात विसरलेल्या चहाचा.
हुंगून बघ. जळकं नाही ना?
'जळकं असतं तर मी काही न बोलता घरी गेलो असतो.'

मग तो बॉनेटच्या आतल्या बाजूला टॉर्च धरतो.
तिथं चिकटपट्टी, सुताराची पेन्सिल,
ताउनोचं अक्षर:

९ मार्च, पाव लिटर.
२ एप्रिल, पाव.
१४ मे, अर्धा.
जुलैत अर्धा, आणि त्याच आठवड्यात परत अर्धा.
ऑगस्टमध्ये आकडा नाही,
खाली घसरत गेलेलं एकच अक्षर-अक्षर: भरलं.

मी दर रविवारी फोन करायची.
कसं चाललंय?
चाललंय, म्हणायचा.
मीही म्हणायची, चाललंय.
मग आम्ही हवामानाकडं वळायचो.
पाणी कुठंतरी मुरतंय हे मला कळायला हवं होतं,
आणि त्याच्या गॅरेजमधला पुठ्ठा,
लाल ठिपक्यांवर लाल ठिपके पडलेला,
तो मी पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकला.
किती स्वच्छ केलं होतं मी सगळं!

लांब नळीचं नरसाळं. बारीक धार.
डोळ्यांत तेल घालून बघ, ओइवा बजावतो, थोडं थोडं.
जास्त झालं तर फेस होतो
आणि फेस काही ढकलू शकत नाही.
मी ओतते, थांबते, ओढते, पुसते, ओढते.
अर्धा लिटर. आणखी थोडं.
कूलरच्या नळीचा सांधा गळतोय, बदलावा लागेल,
तोवर दर रविवारी बघायचं.

रिव्हर्स आता वेळेवर लागतो.
ओइवा बॉनेट खाली आणतो, दोन्ही हातांनी,
मग तसाच टेकून उभा राहतो,
जरुरीपेक्षा जास्त वेळ.

तुझं कसं चाललंय, मी विचारते.
तो सरोवराकडं बघत राहतो.

मी डाव्या बाजूला उभी आहे.
गाडी चालूच ठेवून
मी पुढून वळसा घालते, उजवीकडं जाते.